पनि आणि पाणी: सोलापूरच्या पूर्व भागातल्या नऊ फलकांचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बाईच्या तोंडी दिवसभर दोन भाषा असतात. तेलुगू घरात आणि मराठी बाजारात, अशी सरळ वाटणी मात्र होत नाही. मुलीला हाक तेलुगूत, तिचा अभ्यास मराठीत, देवाचं गाणं तेलुगूत, कारखान्यातला हिशोब मराठीत. पुष्कळदा एकाच वाक्याचं डोकं एका भाषेत आणि शेपूट दुसऱ्या भाषेत असतं. "पनि अय्यिंदा? मग पाणी भर." पनि म्हणजे काम. काम झालं का, मग पाणी भर.

हे लोक मुख्यतः पद्मशाली, तेलंगणातून आलेले विणकर. 1877 साली सुरू झालेल्या जुन्या मिलनं सोलापूरला गिरणगाव केलं, पुढे हातमागाचे यंत्रमाग झाले, चादर आणि टॉवेल देशभर गेले. पुरुष मागावर आणि बायका विड्यांवर, अशी हजारो घरं इथं उभी राहिली. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, नवरात्राच्या दिवसांत फुलांची बतुकम्मा मांडली जाते. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची 10,000 घरांची वसाहत 2006 मध्ये झाली. भाषेची ही सरमिसळ तिथंही गेली.

इथं मांडलेलं प्रकरण याच भागातल्या एका छोट्या वाचनालयाचं आहे. जिन्याच्या भिंतीवर मिश्र माध्यमातले नऊ फलक करायचे होते, प्रत्येक 4 फूट रुंद आणि 3 फूट उंच. विषय दोन भाषा आणि कष्टकऱ्यांचं जगणं. विडी वळणाऱ्या 14 बायका, बाहेरगावची एक चित्रकार आणि वाचनालयाची एक कार्यकर्ती असा गट होता. मुदत 11 आठवड्यांची. ओळख पटेल असा तपशील इथं दिलेला नाही.

अडचण

मूळ आराखडा सोपा होता. प्रत्येक फलकावर मराठी वाक्य, त्याच्या शेजारी त्याचंच तेलुगू भाषांतर तेलुगू लिपीत, आणि भोवती विडीची पानं, सूत, जॅकार्डचे पुठ्ठे, म्हणजे मागावर नक्षी ठरवणारे भोकं पाडलेले पुठ्ठे. पहिल्याच बैठकीत तो कोलमडला. 14 पैकी 9 बायका मराठी शाळेत शिकलेल्या होत्या. त्या तेलुगू बोलत, पण तेलुगू लिपी त्यांना वाचता येत नव्हती. तेलुगू वाचणाऱ्या दोनच होत्या, दोघी साठीच्या पुढच्या. तिघींना कुठलीच लिपी येत नव्हती. म्हणजे स्वतःचीच भाषा भिंतीवर लागणार आणि बारा जणींना ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागणार.

दुसरी अडचण वेळेची. विडीची मजुरी हजारावर मिळते. दोन तास फलकापाशी बसलं की साधारण दोनशे विड्या बुडतात. तिसरी मालाची. कारखान्यातून पान मोजून मिळतं. हजार विड्यांना अर्धा-पाऊण किलो पान लागतं, आणि ते कमी पडलं तर बाई पदरचे पैसे घालून बाजारातून आणते. त्या पानातलं मूठभर पान जरी फलकासाठी घेतलं, तरी भुर्दंड तिलाच. चौथी अडचण भीतीची. तिच्याकडे पुढे वळू.

पहिला निर्णय: मजुरी आणि माल

इथं फार वेळ गेला नाही. आठवड्यातून दोन दुपारी, प्रत्येकी दोन तास. बुडालेल्या विड्यांची मजुरी चालू हजारी दरानं, आणि तिच्यावर निम्मी रक्कम जास्त, कारण हे काम नवीन होतं आणि हात सावकाश चालणार होता. पैसे त्याच दिवशी रोख. 5 किलो पान बाजारातून वेगळं घेतलं. तंबाखू अजिबात वापरायची नाही हेही ठरलं. वाचनालयात लहान मुलं येतात, आणि तंबाखूची धूळ आयुष्यभर छातीत घेतलेल्या बायकांना इथंही तीच देण्याचं काहीच कारण नव्हतं.

मानधन शेवटी एकरकमी देण्याची सूचना आली होती. ती मान्य झाली असती तर तिसऱ्या आठवड्यापर्यंत निम्म्या बायका गळाल्या असत्या. रोजच्या विड्यांवर ज्या घराची चूल पेटते तिथं अकरा आठवड्यांची उधारी परवडत नाही.

दुसरा निर्णय: कुठली लिपी, कुणाचे शब्द

तीन पर्याय समोर होते. पहिला, दोन्ही भाषा आपापल्या लिपीत, शेजारी-शेजारी. दिसायला भारदस्त, पण करणाऱ्यांनाच परका. दुसरा, सगळं देवनागरीत. वाचायला सोपा, पण त्या दोन ज्येष्ठ बायकांचा जीव कासावीस झाला. त्यांच्यापैकी एक म्हणाली, "लिपी पण घरातली वस्तू आहे की." तिसरा पर्याय, बोलतात तसं सरमिसळ वाक्य देवनागरीत आणि प्रत्येक फलकावरचा एकच मुख्य शब्द तेलुगू लिपीत, मोठा, त्या दोघींच्या हातवळणातून.

तिसरा पर्याय घेतला, आणि त्यातून कामाला खरी दिशा मिळाली ती भाषांतर बाजूला ठेवल्यामुळे. दोन भाषा एकमेकींना भेटतात कुठं, असे शब्द बायकांनी शोधायला सुरुवात केली. तेलुगूतलं पनि म्हणजे काम, आणि मराठीतलं पाणी. तेलुगूत पाट म्हणजे गाणं, मराठीत पाट म्हणजे बसायचा पाट, आणि बाई पाटावर बसून पाट म्हणते. तेलुगूत चालु म्हणजे पुरे, बस झालं. मराठीत माग चालू असतो. मागावर बारा तास काढून आलेला माणूस आणि भिंतीवरचा चालू-बंदचा खटका, एकच उच्चार दोन टोकांना. तेलुगू अत्ता म्हणजे सासू किंवा आत्या, मराठीत आत्ता म्हणजे या घडीला. पोट आणि पोट्ट यांना तर समजावून सांगायचीही गरज नाही. दीड तासात बावीस शब्द निघाले, त्यातले नऊ ठेवले.

मग शुद्धतेचा प्रश्न आला. तेलुगू माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींना मजकूर दाखवला. त्यांनी आस्थेनं तपासून दिला. "विडीलु"चं "बीडीलु" केलं आणि "आकु तक्कुव, छाट जास्ती" या ओळीतलं जास्ती काढून एक्कुव घातलं. आकु म्हणजे पान, तक्कुव म्हणजे कमी, एक्कुव म्हणजे जास्त, आणि छाट म्हणजे कारखान्यात खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या. तक्कुव-एक्कुव, यमकही छान जुळतं. पण बायकांना ते पटलं नाही. "गुरुजी, असं पुस्तकात असतं. आम्ही जास्तीच म्हणतो." मराठी नामाला तेलुगूचा लु लावून केलेलं अनेकवचन हीच इथली बोली, आणि हा फलक तिचाच होता. बायकांचा शब्द राहिला. लिपीतल्या चुका, म्हणजे जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ, गुरुजींच्या सल्ल्यानं सुधारल्या. गुरुजींचं मत नेमकं कशावर घ्यायचं हे आधी ठरवलं असतं तर त्यांनाही अवघडल्यासारखं झालं नसतं.

तेलुगूत ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ असतात, आपल्या रोजच्या देवनागरीत ते दाखवता येत नाहीत. पोट्ट मधला ओ आखूड आहे. त्यासाठी खास मात्रा आहेत, पण त्या कुणी ओळखत नाही. साधी मात्राच वापरली, कारण वाचणारी बाई उच्चार आधीच जाणते.

तिसरा निर्णय: अक्षर कशाचं करायचं

आधी पानावर टाका घालून अक्षर शिवायचा प्रयत्न झाला. विडीचं पान ओलं असताना कापडासारखं वळतं आणि वाळलं की टाक्याच्या भोकांवरून तिकिटासारखं फाटतं. 3 मिलिमीटरवर टाके घातलेली दोन अक्षरं चौथ्या दिवशी कडेनं सुटली. सुतारकामाचा पांढरा गोंद लावून पाहिला. पानाची वरची बाजू गुळगुळीत, त्यावर गोंद नीट धरत नाही, आणि पान आक्रसलं की खपली निघावी तसा तो निघतो. गव्हाची खळ धरते, पण तिला कसर लागते.

उपाय बायकांच्या हातातच होता. विडीचं पान कधी टोचत नाहीत, ते गुंडाळतात आणि दोऱ्यानं बांधतात. मग अक्षरं विड्यांचीच करायची, तंबाखूशिवाय. रिकामी नळी मात्र बोटानं दाबली की चेपते. आत कागदाची सुरळी घालून पाहिली, ती कडक होते आणि पान तडकतं. शेवटी टॉवेलच्या कारखान्यातलं वाया गेलेलं सूत आणलं आणि देवाच्या वातीसारखी जाड वात वळून ती पानात घातली. मऊ भरण असल्यामुळे पान तिच्यावर नीट बसतं.

कृती अशी ठरली. पान संध्याकाळी पाण्यात बुडवून, झटकून, ओल्या गोणपाटात रात्रभर ठेवायचं. सकाळी पत्र्याच्या साच्यावर ठेवून कात्रीनं कापायचं, नेहमीसारखं. वात ठेवून वळायचं, तोंड दुमडायचं, दोऱ्याचे तीन वेढे घालायचे आणि दोऱ्याची 4 इंच शेपटी तशीच ठेवायची. नळ्या तीन दिवस सावलीत वाळवायच्या, उन्हात नाही, उन्हात पान उकलतं. मग शेपटी सुईत ओवून कापडातून मागे न्यायची आणि मागच्या बाजूला गाठ मारायची. पानाला भोक पडतच नाही.

10 इंच उंचीच्या "प"ला साधारण 33 नळ्या लागल्या. उभ्या दांड्याला चार नळ्यांच्या लांबीच्या तीन रांगा, म्हणजे 12. शिरोरेषेला 9, उरलेल्या डावीकडच्या वळणाला. "पाणी" या अख्ख्या शब्दाला सव्वाशेच्या आसपास.

इथं एक गोष्ट उघड झाली, जी आराखडा करताना कुणाच्या लक्षात आली नव्हती. देवनागरीला दांडा आहे, शिरोरेषा आहे, नळी तिला मानवते. तेलुगू अक्षर गोल असतं. सरळ नळ्यांनी ते वळवायला गेलं की सांधे दिसतात आणि अक्षर मोडलेल्या बांगडीसारखं दिसतं. म्हणून तेलुगू शब्द सपाट पानाचे केले. पान आधी मलमलीवर पातळ खळीनं चिकटवलं, खळीत चिमूटभर मोरचूद घातला आणि ते हातमोजे घालून हाताळलं. मग वळणाच्या आकारात कापलं. शीर वळणाच्या दिशेनं येईल असं पान ठेवायचं, आडवी शीर कापली की कड चिरफळते. कापलेला तुकडा कापडावर टोचायचा नाही, वरून 8 ते 10 मिलिमीटरवर आडवा दोरा टाकून दाबून धरायचा. एकाच पानाची दोन भाषांत दोन रूपं झाली, एक वळलेलं आणि एक पसरलेलं.

जॅकार्डवर मजकूर विणून घेण्याचा विचार झाला होता. चादरीच्या काठावर कारखान्याचं नाव विणलेलं आपण पाहतोच. पण जाड सुतात गोलाईच्या पायऱ्या होतात आणि तेलुगू अक्षराच्या पोटातले छोटे आकडे बुजतात. अक्षर फूटभर केल्याशिवाय ते सुटं दिसत नाही. दोन फलकांपुरतं केलं, बाकी सोडून दिलं.

बारीक पण महागात पडणाऱ्या गोष्टी

मांजरपाट न धुता चौकटीवर ताणला होता. त्यात कारखान्याची खळ असते आणि पहिल्या पाण्यात तो आटतो. पहिले दोन फलक झोळ आणि सुरकुत्या पडून बिघडले. नंतरचं कापड रात्रभर भिजवून, उकळून, इस्त्री करूनच घेतलं.

बंद पडलेल्या यंत्रमागाच्या खोलीतून आणलेले जॅकार्डचे पुठ्ठे वंगणानं माखलेले होते. तसेच लावले तर आठवड्यात कापडावर तेलाचं कडं उमटतं. शंखजिऱ्याच्या भुकटीत दोन दिवस दाबून ठेवले, भुकटी झटकली, मग स्पिरिटमधल्या लाखेचे दोन हात दिले. तेल अडलं.

छापील मजकुराचा घोटाळा वेगळाच. फ्लेक्सच्या दुकानातल्या जुन्या संगणकावर तेलुगू जोडाक्षरं फुटली, खालचा वत्तु, म्हणजे अक्षराखाली लागणारं जोडव्यंजनाचं चिन्ह, बाजूला जाऊन बसला. दुकानदाराला ते कळणं शक्य नव्हतं. फाइल देण्याआधी अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसत्या आकृत्या, करून द्यायचे, आणि छापण्याआधी वाचता येणाऱ्या माणसानं पडद्यावर वाचून पाहायचं. मराठी मजकुरालाही हेच लागू आहे.

किडे. तंबाखू वापरली नाही तरी काही पानं घरात तंबाखूशेजारी ठेवलेली होती आणि त्यांत तंबाखूचा बारीक तपकिरी भुंगेरा निघाला. वळलेल्या सगळ्या नळ्या प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवल्या. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर थंड पानावर दव धरतं.

चौथा निर्णय: छाटेचा फलक

वळून दिलेल्या विड्यांतून कारखान्यात खराब म्हणून ज्या बाजूला काढतात ती छाट. तिचे पैसे मिळत नाहीत. बायकांच्या बोलण्यात हा विषय रोज होता आणि त्यांना तो फलकावर हवा होता. चित्रकारानं सुचवलं की मजुरीच्या पुस्तकांच्या झेरॉक्स चिकटवू. पानं सुंदर होती, हळदीचे डाग, निळी शाई, मराठी आकडे आणि मागे कुणीतरी तेलुगूत लिहिलेलं एक गाणं. पण त्यावर नाव होतं, क्रमांक होता, सही होती. विडी कामगाराचं ओळखपत्र, दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती, भविष्य निर्वाह निधी, सगळं अशाच कागदांवर चालतं. फलक कुणी पाहिला आणि उद्या पान द्यायला नकार दिला तर?

नाव खोडून लावायचं, फलकच वगळायचा, की दुसरं काही? खोडलेलं नावही हस्ताक्षरावरून ओळखू येतं. वगळलं असतं तर बायकांना सर्वांत जास्त सांगायचं होतं तेच राहिलं असतं. चर्चा दोन बैठका चालली आणि चित्रकार व कार्यकर्ती तेव्हा खोलीबाहेर बसल्या. हे फार योग्य झालं. धोका ज्यांचा, निर्णय त्यांचा.

तोडगा असा निघाला. मध्यभागी विड्या वळताना मांडीवर घेतात ते खरं जुनं सूप टांगायचं. त्याच्याखाली "आकु तक्कुव, छाट जास्ती". आणि डाव्या कडेला 14 दोरे, प्रत्येकीचा एक. ज्या दिवशी छाट निघेल त्या दिवशी तिनं आपल्या दोऱ्याला एक गाठ मारायची. आकडा नाही, नाव नाही, कारखाना नाही. अकरा आठवड्यांनी काही दोरे इतके गाठाळले की त्यांची लांबी शेजारच्या दोऱ्यांपेक्षा चार बोटं कमी झाली. काही बायका आजही येऊन आपला दोरा बोटानं चाचपतात. कुणाचा कुठला, ते त्यांनाच ठाऊक.

निष्पत्ती

नऊपैकी नऊ फलक मुदतीत लागले. 14 पैकी 12 बायका शेवटपर्यंत होत्या, दोघी घरच्या आजारपणामुळे थांबल्या. तेलुगू अक्षरं लिहिणाऱ्या दोघींपैकी एकीकडे शनिवारी पाच-सहा मुली लिपी शिकायला बसू लागल्या. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण फलकावरचं अक्षर आज्जीचं आहे हे कळल्यावर मुली विचारायला आल्या. जिन्यात मुलं "चालु" आणि "चालू" मोठ्यानं वाचून एकमेकांना थांबवतात.

पहिल्या पावसाळ्यात मात्र दोन फलकांवर पांढरी बुरशी आली. सपाट पान मऊ राहावं म्हणून ते एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग पाणी अशा मिश्रणात भिजवलं होतं. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं. भाद्रपदात पानं चिकट झाली, आणि भिंत बाहेरची, तिला ओल होती. फलक उतरवून, तोंडाला फडकं बांधून मोकळ्या हवेत कोरड्या ब्रशनं झाडले, मग 70 टक्के स्पिरिटनं हलकेच टिपले. पुन्हा लावताना भिंतीपासून इंचभर अंतर राहील अशा लाकडी पट्ट्या ठोकल्या. बदललेल्या पानांना ग्लिसरीन एकास आठ एवढंच दिलं. पान थोडं कडक राहतं, पण टिकतं.

काय वेगळं करता आलं असतं

बुरशी टाळता आली असती. चार नमुने पावसाळाभर टांगून पाहण्याएवढा वेळ आधी काढायला हवा होता. फलकांची उंचीही चुकली. खालची कड 5 फुटांवर घेतली, आणि ज्या बायकांनी ते वळले त्यांना मान वर करून पाहावं लागतं. मानेचं दुखणं या कामात मूळचंच. कड साडेतीन फुटांवर हवी होती.

सर्वांत मोठी चूक मात्र विषयाच्या पहिल्याच ओळीत होती, दोन भाषा. गटातल्या दोघी दख्खनी, म्हणजे इकडची उर्दू, बोलणाऱ्या होत्या आणि एकीचं माहेर कानडी. त्या तेलुगूही बोलत, त्यामुळे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सुचवलं नाही. "चालु"चा फलक लागला त्या दिवशी त्यांच्यातली एक म्हणाली, "आमच्यात साकु म्हणतात," आणि दुसरी म्हणाली, "आमच्यात बस." पहिल्या बैठकीत भाषांची संख्या आधीच न ठरवता, कोण घरात काय बोलतं हे विचारलं असतं तर कामाचा पायाच वेगळा पडला असता.

आता दहावी चौकट तयार आहे. मांजरपाट धुऊन, उकळून ताणलेला आहे. तिच्यावरचा शब्द दख्खनी बोलणाऱ्या दोघींनी ठरवला, नक्को. दख्खनीत तो मराठीच्या नकोवरून आला. ग्लिसरीन एकास आठ, खालची कड साडेतीन फुटांवर.